शिवेवरचा हेला

"दाव्याले हात लावशीन तं मनगट तोडीन, भाऊजी! मंग म्हनू नोको का वयनीनं सांगतलं नोतं."

गीताबाई गोठ्याच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभी होती. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. समोर तिचा सख्खा दीर उकंडराव, त्याच्या मागं आमचं अर्धं गाव, सावंगी, आणि त्या अर्ध्या सावंगीत मी, इंद्रभान. खोटं कशाला बोलू? माझ्या हातात हळद लावलेली खापरी होती आणि खापरीत माझ्या गाईच्या अंगावरून वेचलेली मूठभर गोचीड वळवळत होती.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळातली ही गोष्ट. त्या सालचा हिवाळा मोठा हरामखोर निघाला. पौषात दव तुरीच्या पानांवर गोठलं आणि उभी तूर पोळल्यासारखी काळी पडली. थंडीच्या भयानं लोकांनी ढोरं गोठ्यात कोंबली. दहाच्या जागेत वीस. दाराला तट्ट्या, भिंतीला कडबा, वारा आत येईल तर शपथ. ढोरांना ऊब मिळाली आणि गोचिडीला तर माहेरपणच लाभलं. एका ढोरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून भिंतीच्या फटीत, फटीतून तिसऱ्यावर. कानात, कासेत, शेपटीच्या बुडाशी एरंडीच्या बियांएवढ्या गोचिडी लटकू लागल्या. मग ढोर चारा सोडी. अंग तापे. तिसऱ्या दिवशी लाल मुते, काव घोळल्यासारखं. चौथ्या दिवशी पाय झाडून मोकळं. पंधरवड्यात सतरा ढोरं गेली.

गाव घाबरलं की देवाकडं पळतं. पुंजाजी भगताच्या अंगात मरीमाय आली. घुमत घुमत तो म्हणाला, "रोग गावातल्या एका ढोरात लपून बसला हाये. ज्याले काहीच झालं नाही, त्याच्यातच तो हाये. चोर सोताच्या घरी चोरी करते का?"

आम्हाला हे एकदम पटलं. आज हसू येतं, पण त्या दिवशी पटलं. सगळ्यांनी आठवून पाहिलं, कुणाच्या गोठ्यात काहीच झालं नाही? साऱ्या गावात एकच ढोर ठणठणीत होतं, गीताबाईचा हेला. हेला म्हणजे रेडा. त्याचं नाव भुजंग्या.

भुजंग्याला का काही झालं नव्हतं ते सांगतो. गीताबाईचा नवरा तीन सालांआधी गेला. मागं दोन एकर वावर, एक विहीर आणि हा हेला राहिला. हेला एकटा लहान मोट ओढायचा, त्यावर बाईची मिरची आणि वांगी जगायची. मोटेचं पाणी सांडून विहिरीजवळ चिखल होई, त्यात भुजंग्या दुपारभर लोळे. चिखल वाळला की गीताबाई विटेच्या तुकड्यानं त्याचं अंग खरवडून काढी. गोचिडीला त्याच्या अंगावर बसायला जागाच नव्हती. एवढंच कारण. पण आमच्या डोळ्यांवर मरीमाय बसली होती.

हेला गेला की मोट बंद, मोट बंद की मिरची वाळली, मिरची वाळली की बाई दिराच्या दारात आणि वावर दिराच्या हातात. हे गीताबाईला कळत होतं आणि उकंडरावलाही कळत होतं. तो गावातला मोठा कास्तकार, आठ बैलांचा धनी, आणि तिच्या वावराला त्याचा बांध लागून होता.

"वयनी, गावापुढे तुही जिद चालाची नाही," उकंडराव म्हणाला.

"गावाच्या नावानं बोलून राह्यला, भाऊजी, पन नजर वावरावर हाये तुही. हेला काढाचा तं तुह्या गोठ्यातला काढ ना!"

"माह्या गोठ्यात हेला हाये का?"

"मंग तू सोता जाय!"

मागं दोघंतिघं हसले. उकंडरावनं मान वळवून पाहिलं तशी त्यांची तोंडं मिटली.

आमच्याकडं रोग घालवायची रीत अशी. गाव बांधायचं, म्हणजे त्या दिवशी बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही, चुली विझवायच्या. घरोघरी ढोरांच्या गोचिडी वेचून खापरीत घ्यायच्या, हळद टाकायची आणि त्या हेल्याच्या अंगावर ओतायच्या. मग हेल्याच्या गळ्यात कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून त्याला बडवत बडवत शेजारच्या गावाच्या शिवेपलीकडं घालायचा. मागं वळून पाहायचं नाही. रोग त्या गावाचा झाला. ते गाव पुढं हाच खेळ करी.

तेवढ्यात वेशीकडून रहेमतुल्ला येताना दिसला. हा मेहकरचा हेडी, ढोरांच्या खरेदी-विक्रीचा दलाल. कुणाच्या गोठ्यात कोणतं वासरू कधी झालं, ते मालकाच्या आधी त्याला ठाऊक असे. गर्दी पाहून तो धापा टाकत पुढं आला.

"थांबा बाप्पा, थांबा! हेल्यात काही बसलं नाही. हे गोचिडीचं काम हाये."

"तू गावात आला कसा बे?" पुंजाजी ओरडला. "गाव बांधलं हाये!"

"गाव बांधलं, बरं केलं. गोचिडीले सांगतलं का कोनी? मी मेहकरच्या बाजारात जिंदगी घातली. लाल मुतलेलं ढोर अन् अंगावर गोचीड नाही, असं एकबी पाह्यलं नाही. अबे, एक गोचीड फुगून खाली पडली का हजारानं अंडे देते. तुमी रोग काढून नाही राह्यले, पेरून राह्यले! हेला नेऊन ई-किलासात सोडसान, अन् तिथं ढोरं कोनाचे चरतेत? तुमचेच ना?"

ई-क्लास म्हणजे सरकारनं चराईला सोडलेलं रान. आमचं ई-क्लास नेमकं शिवेला लागून होतं आणि तिथं दोन्ही गावांची ढोरं चरत. रहेमतुल्ला बोलला ते सरळ होतं. मी माझ्या खापरीकडं पाहिलं. तेव्हाच जर एक माणूस म्हणाला असता, "थांबा, हा म्हणतो ते ऐका," तर पुढचं टळलं असतं. तो एक माणूस मी होऊ शकलो असतो. झालो नाही.

पुंजाजीनं घुमायला सुरुवात केली आणि हातातला सोटा रहेमतुल्लाच्या तोंडावर हाणला. मग काय, वाटच पाहत होते सगळे. जोडे, काठ्या, लाथा. खाली पडलेल्या माणसाला मारायला गावात कधी कुणाची कमी पडत नाही. त्याचे दोन दात पडले. त्यातला एक माझ्या पायाजवळ येऊन पडला. मी पाय मागं घेतला.

गीताबाईची नजर तिकडं गेली आणि उकंडरावनं झडप घातली. एका हातानं कुऱ्हाड धरली, दुसऱ्या हातानं तिचा डावा हात पिरगाळला. काडी मोडावी तसा कडकन आवाज झाला. ती किंचाळली नाही. तिनं उकंडरावच्या खांद्याला कडाडून चावा घेतला आणि मांस तोंडात येईतो सोडला नाही. मग चौघांनी तिला ओढून हेल्याच्याच दाव्यानं गोठ्याच्या खांबाला बांधलं.

"हे गावासाठी हाये, वयनी," खांदा दाबत उकंडराव म्हणाला. "गाव तरलं तं तू तरशीन."

"थू!" ती रक्त थुंकली.

हेल्याला बाहेर काढलं आणि एकेकानं खापरी ओतायला सुरुवात केली. त्या काळ्याभोर पाठीवर हळदीत माखलेल्या गोचिडी सरपटू लागल्या. माझी पाळी आली. गीताबाई मला हाक मारून म्हणाली, "इंद्रभान, तुह्या पोराच्या बारशाले माह्याच मोटेचं पानी नेलं ना रे? टाक बाप्पा, टाक. तूबी टाक."

मी टाकली.

पुढं हेला आणि मागं आम्ही, असे निघालो. डफडं वाजत होतं. भुजंग्या बिचारा गरीब जनावर, त्याला वाटलं मोटेवरच न्यायचं आहे, म्हणून विहिरीच्या वाटेला वळू लागला. त्याला तोंडावर मारून सरळ केलं. असा तीनदा वळला, तीनदा मारला.

शिवेवर ओढा आहे. ओढ्यापलीकडं वडाळी. त्यांना आधीच खबर लागली होती. पन्नासेक माणसं काठ्या आणि गोफणी घेऊन दरडीवर उभी होती. पुढं मोतीराम, वडाळीचा पहिलवान.

"आपल्या घरचा मुडदा आपल्या घरी जाळा!" तो ओरडला. "हेला शिवेत आला तं एकेकाचं टाळकं फोडीन!"

"मागल्या साली तुमी आमच्या शिवेत बकरं घातलं तवा?" उकंडराव म्हणाला. "फेडा आता!"

आणि आम्ही हेल्याला ओढ्यात ढकललं.

मागून आमच्या काठ्या, पुढून त्यांच्या. हेला पुढं गेला की वडाळी मारी, मागं आला की सावंगी मारी. गोफणीचा गोटा त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला आणि डोळा फुटला. लोखंडी कडीची काठी शिंगावर पडली आणि शिंग मुळासकट लोंबलं. तो ओरडला, तसा ओरडलेला रेडा मी पुन्हा ऐकला नाही. मग हेल्याला मारता मारता माणसं माणसांना मारू लागली. कुणाचं नाक, कुणाचा गुडघा. मी एकाच्या पाठीत काठी घातली, तर तो आमच्याच गावचा निघाला. थंडगार पाण्यात उभे होतो आणि अंगातून वाफा निघत होत्या. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला बरं वाटत होतं. पंधरा दिवसांची भीती हातातून बाहेर पडत होती.

पुंजाजी सोटा नाचवत पाण्यात शिरला. "मी मरीमाय हाये! मले कोन मारते? मारा पाहू!"

मरीमायला कुणी मारलं नाही. पुंजाजीला मारलं. काठी कोणत्या गावची होती ते अजून ठाऊक नाही. तो पालथा पडला आणि त्याच्याभोवतीचं पाणी लाल झालं.

तेवढ्यात गीताबाई आली. तिचं दावं माझ्या बायकोनं, कोकिळेनं, विळ्यानं कापलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं. मोडका हात लोंबकळत होता. ती दरड उतरून सरळ त्या मारामारीत घुसली. हेला गुडघ्यांवर बसला होता. ती त्याच्या मानेवर पालथी पडली आणि त्याचं तोंड पदराखाली घेतलं. मोतीरामची काठी वर होती, ती तशीच राहिली.

"मारा!" गीताबाई म्हणाली. "दोन गावं मिळून एक बाई अन् एक हेला मारा. मर्द हाव ना तुमी? मारा!"

कुठून तरी एक गोटा आला आणि तिच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. ती हलली नाही. मग कुणीतरी ओरडलं, "पुंजाजी उठून नाही राह्यला बे!" आणि गर्दी जशी जमली होती तशी पांगली. मागं वळून पाहायचं नाही ही रीत त्या दिवशी सगळ्यांनी पाळली.

दुसऱ्या दिवशी मेहकरहून फौजदार आला. दोन्ही गावांनी जन्मात पहिल्यांदा एकच जबाब दिला, पुंजाजी दरडीवरून पाय घसरून पडला. फौजदार काही दूधखुळा नव्हता. त्यानं शिवेवर शिपाई बसवले आणि सांगितलं, जो काठी उचलताना दिसेल त्याला बेडी. त्यामुळंच हेला वाचला. गीताबाईनं त्याला आपल्या विहिरीवर नेलं आणि तिथंच खोपी घालून राहिली. गावानं तिला वाळीत टाकलं. रोग परत आणणारी बाई म्हणून तिच्या वाटेनंही कुणी जाईना.

गेला तो एक रहेमतुल्ला. तोंड सुजलेलं, जबडा फडक्यानं बांधलेला, खांद्यावर पानतंबाखूची गड्डी. त्यानं तंबाखू उकळून ते पाणी हेल्याच्या अंगाला चोळलं, गीताबाईच्या हाताला बांबूच्या कांबी बांधल्या. हात जुळला, पण वाकडा जुळला. हेल्यावरची गोचीड ती एकेक करून वेची आणि विस्तवात टाकी. फुटल्याचा आवाज आला की म्हणे, "ही सावंगीची." पुन्हा आवाज आला की, "ही वडाळीची."

पण हेल्याच्या अंगावरून ओढ्याकाठच्या गवतात गळल्या त्या कोण वेचणार? थंडीत ते बी गप्प बसलं. फाल्गुनात ऊन तापलं आणि उगवलं. ई-क्लासातल्या गवताच्या शेंड्याशेंड्यावर राळ्याहून बारीक गोचिडी दबा धरून बसल्या. आमचीही ढोरं तिथंच, वडाळीचीही तिथंच. सकाळी रिकामी जात, संध्याकाळी लदबदून येत. दोन्ही गावं सारखी मूठमाती देऊ लागली. माझी जोडी एकाच आठवड्यात गेली. कोकिळा मला एवढंच म्हणाली, "हळद जास्त टाकली असन तुमी."

उकंडरावचे आठही बैल गेले. आठवा गेला तेव्हा मी तिथं होतो. बैल बसला होता आणि उकंडराव त्याला काठीनं मारत होता. "ऊठ! ऊठ बे साल्या! तूबी बसतं का? ऊठ!" काठी मोडली तेव्हा तुराटीनं मारलं, तुराटी मोडली तेव्हा बुक्क्यांनी. बैलाच्या नाकातून रक्त आलं आणि मान टाकली. मग उकंडराव त्याच्याच पोटावर डोकं ठेवून बाईमाणसासारखा हमसून रडला.

चैत सरला. वखरणी व्हायला हवी होती. वखर फिरला नाही तर पेरणी नाही, पेरणी नाही तर वर्षभर घरात दाणा नाही. डोणगावच्या बाजारात बैल पाहायला गेलो तर गावाचं नाव ऐकताच विकणारा दावं मागं घेई. भाड्यानंही कुणी जोडी आमच्या शिवेत आणेना. दोन गावांत मिळून जुवाखाली मान घालील असं एकच जनावर उरलं होतं. एका डोळ्याचं, एका शिंगाचं.

वैशाखातल्या एका सकाळी उकंडराव गीताबाईच्या खोपीशी गेला. मागं आम्ही पाचसहाजण. त्यांत वडाळीचा मोतीरामही होता. गीताबाई मोट हाकत होती. तिनं मोट थांबवली नाही.

"वयनी," उकंडराव म्हणाला.

"कोन वयनी? वाळीत टाकल्यालीले नातं नसते."

"चुकलं. पाया पडतो. दोन दिस हेला दे. लेकरं मरतीन व."

"तवा माह्यावालं लेकरू मारत होते तुमी." तिनं मोट रिती केली. "बरं, देतो हेला. पन वखराले जोडी लागते, भाऊजी. हेला तं एकटाच हाये."

"दुसरं जनावर आनू कुठून?"

"हाये की." तिनं वाकड्या हातानं त्याच्याकडं बोट दाखवलं. "खांदे रिकामेच हायेत तुमचे. पहिलं माहं वावर, मंग तुमचं."

कुणी हसलं नाही. उकंडरावच्या कानशिलावरची शीर उडत होती. मला वाटलं, आता हा तिला मारणार. वाटलं, आपणही धावणार, कोणत्या बाजूनं ते ठाऊक नव्हतं. मग त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं, घडी केली आणि बांधावर ठेवलं. बंडी काढली. खांद्यावर दातांचा व्रण होता, जुवाचं लाकूड त्यावरच बसलं.

डाव्या बाजूला भुजंग्या, उजव्या बाजूला आठ बैलांचा धनी. भुजंग्याचा फुटका डोळा त्याच बाजूला होता, त्यामुळं शेजारी कोण जुंपलंय हे त्याला दिसलं नाही. तो शहाण्यासारखा चालू लागला. गीताबाईनं वखरावर पाय दिला आणि हातात तुतारी घेतली, टोकाला खिळा असलेली ती हाकायची काठी. पहिल्या तासात, म्हणजे वखराच्या पहिल्या फेरीत, उकंडराव अडखळला. दुसऱ्या तासात गुडघ्यावर आला.

"ऊठ," गीताबाई म्हणाली.

तो उठला नाही तेव्हा तिनं तुतारी टोचली. रक्ताचा थेंब त्याच्या पाठीवरून घरंगळत धोतरापर्यंत गेला. तो उठला आणि ओढू लागला. दुपारपर्यंत एक एकर झालं. पाठीवर किती ठिकाणी खुणा झाल्या ते मी मोजलं नाही. हेल्याला तिनं एकदाही टोचलं नाही.

आम्ही बांधावर रांगेनं बसून होतो. उकंडरावनंतर मोतीरामचा नंबर होता, मोतीरामनंतर माझा. पागोटं मी मधल्या वेळात घरी जाऊन ठेवून आलो होतो.